वाक्य म्हणजे बातमी नव्हे

“सुधींद्र इज ईझी टू प्लीज.” अण्णांनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि खडू खाली ठेवला. “सांगा, यात कोण कुणाला खूश करतंय?”

हॉलमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या वर्गाने सुधींद्रकडे पाहिलं. राजाजीनगरात कोपऱ्यावर त्याची बेकरी होती आणि वर्गाला येताना तो खारीचा पुडा आणायचा, त्यामुळे उत्तर सगळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

“मीच करतो की, सर,” सुधींद्र म्हणाला. “रोज स्वल्प खारी देऊन.”

“चूक. सुधींद्रला खूश करणं सोपं आहे, असं हे वाक्य म्हणतं. खूश होणारा तू, करणारे आम्ही.” अण्णांनी ‘ईझी’ पुसून तिथे ‘ईगर’ लिहिलं. “आणि आता?”

“एकच तर शब्द बदलला.”

“एकच शब्द बदलला आणि तू नवरदेवाचा आचारी झालास. आता तू दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोयस. मागचं ‘टू प्लीज’ जागचं हललेलंसुद्धा नाही. सगळा कारभार विशेषणाच्या हातात असतो. म्हणून विशेषण दिसलं की थांबायचं आणि त्याला विचारायचं, बाबा रे, पुढचं काम कुणाचं?”

पहिल्या रांगेतल्या प्रतापरावांनी हात वर केला. सरकारी छापखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. टेक्सासमधली त्यांची नात व्हिडिओ कॉलवर फक्त इंग्रजीत बोलायची, म्हणून ते या वर्गात आले होते. “सर, माझं वाक्य. प्रतापराव इज हार्ड टू टीच.”

“वाक्य बरोबर आहे. दुर्दैवाने माहितीही बरोबर आहे.”

“आणि सर, ‘प्रतापराव इज स्लो टू लर्न’ म्हटलं तर?” मागून वेदिकाने विचारलं. ती नागपूरहून लग्न होऊन आली होती. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला, आणि तिची स्वतःची नोकरी दर मुलाखतीत घशाला कोरड पडून हातची जात होती.

“तर दोष प्रतापरावांचा. पहिल्या वाक्यात शिकवणारा दमतो, दुसऱ्यात शिकणारा.”

प्रतापरावांनी क्षणभर विचार केला. “मग पहिलंच राहू दे, सर.”

स्वयंपाकघरात अण्णांची मुलगी अहल्या दहीभातावर फोडणी घालत होती. मारतहळ्ळीच्या ऑफिसातून घरी पोचेपर्यंत रोज वर्ग अर्ध्यावर आलेला असायचा. चपला हातात घेऊन ती भिंतीच्या कडेने आत सटकायची आणि उरलेला वर्ग ओट्याशी उभं राहून ऐकायची. ती त्या खुर्च्यांवर कधी बसली नव्हती. अण्णांनी कधी बोलावलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. त्या घरात बऱ्याचशा गोष्टी अशाच न विचारता सुरळीत चालत.

“उद्याचा धडा,” बाहेर अण्णा सांगत होते, “वाईट बातमी कशी सांगायची. सॉरी टू इन्फॉर्म, सॅड टू से, वगैरे. सकाळी ग्रुपवर नमुना येईल. त्यावरून प्रत्येकाने आपापलं वाक्य करायचं. आणि कृपा करून कुणी ॲम्ब्युलन्स आणू नये.”

वर्ग हसला. सुधींद्रने मान खाली घातली.

ती ॲम्ब्युलन्स मागच्या महिन्यातली. अण्णांची पद्धत अशी होती की रोज सकाळी ग्रुपवर एक नमुना वाक्य टाकायचं आणि वर्गाने त्याच साच्यात आपलं वाक्य पाठवायचं. ग्रुपवर मराठी नाही, कन्नड नाही. चूक झाली की अण्णांची लाल फुली यायची आणि खाली दुरुस्ती. त्या सकाळी नमुना होता, ‘आय ॲम अनेबल टू गेट अप.’ सुधींद्रने तो वाचला, बेकरीचं शटर ओढलं आणि ॲम्ब्युलन्स घेऊनच दारात आला. अण्णा गच्चीवर कढीलिंबाला पाणी घालत होते. त्या संध्याकाळी त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अ सेंटेन्स इज नॉट न्यूज.’ वाक्य म्हणजे बातमी नव्हे. वर्गाने ते वहीत उतरवून घेतलं, आणि सुधींद्रला पुढे आठवडाभर सगळे ‘डॉक्टर’ म्हणत होते.

ग्रुपशिवाय ‘फोनचा तास’ही असायचा. अण्णा अचानक फोन करायचे, कधी बँकेचे मॅनेजर होऊन, कधी पोलीस इन्स्पेक्टर होऊन. समोरच्याने काही झालं तरी इंग्रजी सोडायचं नाही. एकदा त्यांनी अहल्यालाच विमा कंपनीतली बाई करून वेदिकाला फोन लावून दिला होता. अहल्याने ते काम इतकं उत्तम केलं की वेदिका घाबरून मराठीत घसरली आणि तासात नापास झाली. अहल्याला त्यात काही वेगळं करावं लागलं नव्हतं. कंपनीत कुणाला काढलं, कुठली शाखा बंद झाली, की ते कळवणारी मेल तीच लिहायची आणि फोनही तीच करायची. त्या कामासाठी तिच्याकडे एक इस्त्री केलेला आवाज होता.

जेवताना अण्णांनी विचारलं, “तुमच्या ऑफिसात काय लिहितात गं? वाईट बातमीला?”

“रिग्रेट टू इन्फॉर्म.”

“रिग्रेट क्रियापद झालं. मला विशेषण हवंय.”

“मग सॉरी.”

“सॉरी चालेल,” अण्णा म्हणाले, आणि ताटाभोवतीची शितं वेचून उठले.

सकाळी ते उठले नाहीत.

गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी तपासलं, चष्मा काढून पुसला आणि कागदावर सही करून दिली. झोपेतच, म्हणाले. शेजारची हर्षिता आली. तिने न सांगता दूधवाल्याला परत पाठवलं, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि दोन-चार फोन करून शववाहिका ठरवली. दुपारची वेळ मिळाली होती. ती चुकली तर विद्युतदाहिनीत आज पुन्हा जागा नव्हती.

“तंजावरचे काका?” हर्षिताने विचारलं.

“त्यांना प्रवास झेपणार नाही. आटपून घ्या म्हणाले.”

“आमच्या ह्यांची शिफ्ट, ते संध्याकाळशिवाय सुटत नाहीत. अगं अहल्या, मग उचलायला कोण? तू, मी आणि ड्रायव्हर?” हर्षिताने बोटांवर मोजलं. “चार माणसं तरी नकोत का?”

अहल्याने हॉलकडे पाहिलं. अण्णा मधोमध चटईवर होते. भोवती भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या खुर्च्या. ते जन्मभर भरलेल्या खोलीत बोलले होते. शाळा सुटली तर त्यांनी घरी वर्ग काढला, आणि घरात माणसं कमी झाली तसा तो वाढवत नेला. आज या खोलीतून ते असे रिकाम्या खुर्च्यांसमोरून जाणार, हे तिला सहन होईना. खांदा द्यायला माणसं नसण्यापेक्षाही तेच.

“वर्ग आहे ना,” ती म्हणाली.

सुधींद्रची बेकरी सोडली तर विद्यार्थ्यांचे पत्ते कुणालाच ठाऊक नव्हते. अण्णांना ते विचारणं आगाऊपणाचं वाटायचं. होता तो त्यांचा फोन. त्याला कुलूप नव्हतं. अहल्याने ग्रुप उघडला आणि हात आपोआप ऑफिसच्या सवयीने चालले. ‘आय ॲम डीपली सॉरी टू इन्फॉर्म यू दॅट माय फादर, श्री. रघुपती, पास्ड अवे धिस मॉर्निंग.’ खाली अंत्यसंस्काराची वेळ आणि ‘अहल्या’. एकदा वाचून तिने स्वल्पविराम तपासले आणि पाठवलं.

उत्तरं लगेच येऊ लागली. ती इतक्या भराभर आली की तिला बरं वाटलं. मग तिने वाचली.

‘आय ॲम डीपली सॉरी टू इन्फॉर्म यू दॅट माय स्कूटर पास्ड अवे धिस मॉर्निंग,’ सुधींद्रने लिहिलं होतं.

‘आय ॲम सॅड टू से दॅट माय मदर-इन-लॉ इज कमिंग फ्रॉम नागपूर.’ ही वेदिका.

प्रतापरावांनी जास्त मेहनत घेतली होती. ‘आय ॲम अफ्रेड टू टेल यू दॅट द किंग ऑफ अवर कंट्री इज नो मोर.’ त्याखाली त्यांनी विचारलं होतं, ‘सर, किंग चालेल का?’ आणि लगेच ‘सॉरी सर, मराठी आलं’ असं लिहून स्वतःच लाल फुली टाकली होती.

“काय म्हणतात?” हर्षिताने विचारलं.

“अभ्यास करताहेत.”

अहल्याने पुन्हा लिहिलं, ‘धिस इज नॉट अ लेसन.’ त्यावर वेदिकाचं उत्तर आलं, ‘धिस इज नॉट अ लेसन, बट वी आर हॅपी टू लर्न.’ दोघांनी त्याला अंगठा दाखवला. तिने मराठीत लिहिलं, ‘हे खरं आहे. कृपया घरी या.’ पाठोपाठ ते कन्नडमध्येही लिहिलं. ग्रुप एकदम चिडीचूप झाला. मग सुधींद्रने लिहिलं, ‘सर इज क्लेव्हर टू ट्रॅप अस. वी आर नॉट रेडी टू फॉल.’ आणि खाली, ‘नो ॲम्ब्युलन्स धिस टाइम, सर.’

“अगं फोन कर ना सरळ,” हर्षिता म्हणाली. “की फोटो पाठवू या?”

“फोटो नको,” अहल्या म्हणाली, आणि ते अशा स्वरात म्हणाली की हर्षिताने पुन्हा विचारलं नाही.

तिने पहिला फोन वेदिकाला लावला.

“गुड मॉर्निंग,” पलीकडून आवाज आला. “आय ॲम रेडी टू टॉक.”

“वेदिका, मी अहल्या. सरांची मुलगी.”

“ओह, इन्शुरन्स मॅडम. आय ॲम हॅपी टू हिअर युवर व्हॉइस अगेन.”

“वेदिका, मराठीत बोल. ऐक माझं. आज सकाळी अण्णा…”

पुढे एकच शब्द होता. रोजच्या वापरातला. अण्णा बाजारात, अण्णा गच्चीवर, अण्णा बँकेत, कशालाही तो चालायचा. आज तो ओठांवर येईना. तिचा इस्त्रीचा आवाज तेवढा शाबूत राहिला.

“आज क्लास होणार नाही,” ती म्हणाली.

“नो मॅडम. आय ॲम नॉट सो फूलिश टू स्पीक मराठी.” मग वेदिका कुजबुजली, “ताई, सर स्पीकरवर ऐकून राहिले ना? त्यांना सांगा, मागच्या वेळी घसरली, आज नाही घसरणार.” आणि पुन्हा मोठ्याने, “इट वॉज नाइस टू टॉक टू यू, मॅडम.” फोन बंद झाला. पुन्हा लावला तर व्यग्र लागला. वेदिका ग्रुपवर लिहीत होती, ‘आय ॲम प्राउड टू से आय पास्ड फोन टेस्ट.’

सुधींद्र बेकरीत नव्हता. हर्षिता स्वतः धावत जाऊन शटर बघून आली. तो यशवंतपूरच्या बाजारात मैदा आणायला गेला होता. त्याने फोन उचलला तेव्हा मागे टेम्पोंचे हॉर्न आणि हमालांचा ओरडा चालू होता.

“सुधींद्र, मी अहल्या. तुम्ही लगेच घरी या.”

“अक्का, आय ॲम अनेबल टू हिअर. मार्केट इज टू नॉइझी टू लर्न.” तो हसला. “ओके, ओके, आफ्टरनून आय विल बी फ्री टू प्रॅक्टिस.”

“माय फादर हॅज एक्स्पायर्ड,” अहल्या म्हणाली.

“व्हेरी गुड सेंटेन्स, अक्का,” सुधींद्र ओरडून म्हणाला, आणि कुणाला तरी कन्नडमध्ये पोतं नीट धर म्हणाला.

ओळखीच्यांपैकी राहिले प्रतापराव. ते वयाने मोठे होते, समजूतदार होते. अहल्याने ठरवलं, त्यांच्यापाशी बोलायचंच.

“प्रतापराव, मी अहल्या बोलतेय. आय ॲम सॉरी टू इन्फॉर्म यू…” जीभ पुन्हा तिकडेच वळली. इंग्रजीत ते सरळ जात होतं, जसं ऑफिसात जायचं.

“आय ॲम शॉक्ड टू हिअर धिस, मॅडम.” प्रतापराव खुर्चीत ताठ बसल्याचं आवाजावरून कळत होतं. “मे आय आस्क, हाउ ओल्ड वॉज द डिसीज्ड?”

अहल्याने वय सांगितलं. का सांगितलं ते तिला कळलं नाही. प्रश्न व्यवस्थित होता, म्हणून असेल.

“वॉज ही इल?”

“नो.”

“ही वॉज अ गुड मॅन, मॅडम,” प्रतापराव सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले. “ही वॉज हार्ड टू प्लीज. बट ही इज हार्ड टू फर्गेट.”

चटईवर अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा दिसत होता.

“सर?” प्रतापरावांनी आवाज चढवला. “सर, ‘हार्ड टू फर्गेट’ बरोबर ना? विसरणारे आपण. ते नाहीत.”

पलीकडे ते वाट पाहत राहिले. अण्णांनी आजवर ‘बरोबर’ म्हणायला इतका वेळ कधी लावला नव्हता.

“बरोबर,” अहल्या शेवटी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शववाहिका वेळेआधीच आली. ड्रायव्हरने दारातून आत डोकावून पाहिलं, दोन बायका पाहिल्या, आणि बाकीचे कुठे आहेत हे विचारायचं टाळलं. “अम्मा, स्वल्प बेगा, लवकर आटपा,” तो म्हणाला. “मला पुढे विजयनगरला जायचंय.”

“येताहेत माणसं,” हर्षिता म्हणाली.

“किती वेळ?”

हर्षिताने अहल्याकडे पाहिलं. अहल्या फोनकडे पाहत होती. ग्रुपवर आता चर्चा रंगली होती. सर उत्तर देत नाहीत, त्या अर्थी परीक्षा लांबली आहे, असं एकाचं म्हणणं पडलं. वेदिकाने थोडं काळजीने लिहिलं, ‘मॅडम वॉज सीरियस टू टॉक.’ त्यावर मैदा घेऊन परत निघालेल्या सुधींद्रने तिला धीर दिला. ‘डोंट वरी. सर इज टू गुड टू डाइड.’

अहल्याने ते वाचलं. ‘टू’च्या पुढे ‘डाइड’. तिच्या अंगठ्याने लाल फुली टाकली आणि खाली लिहिलं, ‘टू डाय.’

पाठवल्यानंतर तिला कळलं की आपण काय केलं.

ग्रुपवर आनंदाची लाट उसळली. ‘सर इज ऑनलाइन.’ ‘थँक यू सर.’ ‘आय टोल्ड यू.’ सुधींद्रने लिहिलं, ‘आय ॲम हॅपी टू बी राँग, सर,’ आणि पुढे खारीच्या बिस्किटाचं चित्र टाकलं. वेदिकाने हात जोडले.

“काय झालं?” हर्षिताने विचारलं. “तुझा चेहरा…”

“मी त्यांना जिवंत केलं,” अहल्या म्हणाली.

हर्षिताने तिच्या हातातून फोन घेतला, वाचला, आणि तोंडावर हात ठेवला. तिला हसू आलं होतं. ते लपवायला ती वळली, आणि मग तिचे खांदे हलू लागले. ते हसण्याने हलताहेत की कशाने, हे तिलाही सांगता आलं नसतं. अहल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर ड्रायव्हरने दार आपटलं.

“दुरुस्ती मागे घे,” हर्षिता नाक पुसत म्हणाली.

“मागे घेतली तरी सरांनीच घेतली म्हणतील.”

“मग लिही की ती तू होतीस.”

“सकाळपासून तेच तर लिहितेय.”

फोन पुन्हा वाजला. प्रतापरावांचं वाक्य आलं होतं. ते इतरांसारखे खूश झालेले दिसत नव्हते. त्यांनी लिहिलं होतं, ‘आय ॲम वरीड टू आस्किंग, व्हेअर इज सर?’ मधलं ‘टू’ त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि त्याच्यापुढे अशी चूक मांडली होती, की तिच्यावरून अण्णांनी वर्गात कितीदा खडू टेबलावर आपटला होता.

अहल्याचा हात फोनकडे गेला. हर्षिता बघत राहिली.

“हा तूच धर,” अहल्या म्हणाली. “मी मागितला तरी देऊ नकोस.”

लाल फुली गेली नाही. थोड्या वेळाने प्रतापरावांचं दुसरं वाक्य आलं. ‘आय आर रेडी टू कम्स, सर.’ प्रतापरावांचं इंग्रजी कच्चं होतं, पण इतकं नव्हतं. हर्षिताने ते वाचून दाखवलं आणि विचारलं, “ह्यांना काही येतच नाही का गं?”

“येतं,” अहल्या म्हणाली.

मग वेदिकाने लिहिलं, ‘आय ॲम फ्रायटन टू वेटिंग.’ मग आणखी कुणी, कुणी. एकाहून एक मोडकी वाक्यं येऊ लागली. कर्त्याशी क्रियापदाचं पटत नव्हतं, विशेषणं भलत्याच क्रियांना जाऊन चिकटत होती. सगळा वर्ग आपलं शिकलेलं सगळं विसरून दाखवत होता आणि वाट पाहत होता. हर्षिताच्या हातात फोन थरथरत राहिला. अहल्या हाताची घडी घालून, नखं कोपरात रुतवून उभी राहिली. प्रत्येक वाक्याची दुरुस्ती तिला पाठ होती.

शेवटी सुधींद्रने लिहिलं, ‘सर प्लीज करेक्ट.’ आणि थोडं थांबून मराठीत, ‘सर, बघा, मी मराठीत लिहिलं.’

मग काहीच आलं नाही.

“आता?” हर्षिताने विचारलं.

“आता येतील.”

“अम्मा,” ड्रायव्हर दारात आला. “दाहिनीवाले थांबत नाहीत. उचलायचं का?”

“स्वल्प थांबा हो,” हर्षिता त्याला म्हणाली. “वर्ग यायचाय.”

“कसला वर्ग?”

तिला सांगत बसावं लागलं नाही. एक रिक्षा गाडीमागे येऊन थांबली. त्यातून प्रतापराव उतरले. त्यांनी घाईत सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावली होती. त्यांच्या मागून स्कूटरवर सुधींद्र, मिशीवर आणि भुवयांवर मैदा. मग वेदिका, मुलाखतीचा कोट घालून, पायात घरातल्या सपाता. मग बाकीचे, दोघं-तिघं करून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. सगळे पायऱ्या चढले आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

कुणी आत येईना.

ड्रायव्हरला काही समजेना. “आत चला ना,” तो म्हणाला. “इथे उभं राहून काय?”

प्रतापरावांनी गळा साफ केला. उशिरा येणाऱ्याने दारात उभं राहून कारण इंग्रजीत सांगायचं आणि सरांनी ‘कम इन’ म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा वर्गाचा नियम होता. ते हॉलच्या मधोमध पाहत म्हणाले, “सर, आय ॲम सॉरी टू बी लेट.”

त्यांच्यामागून सुधींद्र म्हणाला. मग वेदिका. ती या वेळी अडखळली नाही, घशाला कोरडही पडली नाही. मग मागचे, पायरीवरचे, फाटकातले, एकेक करून. काहींनी चुकीचंही म्हटलं. सगळे म्हणून झाले आणि दारात सगळे तसेच उभे राहिले, हातात हात धरून, खाली बघत. ड्रायव्हर घड्याळाकडे पाहायचं विसरला होता.

हर्षिताने अहल्याला कोपर लावलं.

“कम इन,” अहल्या म्हणाली.

ते आत आले. आणि सवयीने, कुणाच्याही लक्षात येण्याआधी, भिंतीला लावलेल्या खुर्च्या ओढून आपापल्या जागी बसले. प्रतापराव पहिल्या रांगेत, वेदिका मागे. बसल्यावर त्यांना कळलं की बसायचं नसतं, म्हणून काही जण पुन्हा उठले, आणि इतर बसलेत म्हणून परत बसले. खुर्च्या करकरल्या. खोली भरली होती. अहल्या ओट्याच्या बाजूला, भिंतीच्या कडेला उभी होती. सुधींद्रने आपल्या शेजारची एक खुर्ची रिकामी केली आणि तिच्याकडे सरकवली. ती तिच्यावर जाऊन बसली.

प्रतापराव उठले. त्यांनी अण्णांकडे तोंड केलं आणि वर्गात करायचे तसा हात वर केला.

“सर,” ते म्हणाले, “मराठी. ओन्ली वन मिनिट.”

थोडं थांबून, जणू परवानगी मिळाल्यावर, ते अहल्याकडे वळले.

“अक्का, सकाळपासून तुम्ही आम्हाला सांगताय. आम्हाला कळलं नाही, चूक आमची. पण तुम्हीही मुख्य बातमी इंग्रजीतच सांगितलीत. आता घरातल्या भाषेत सांगा. आम्ही ऐकायला आलोय.”

अहल्या खुर्चीच्या कडा धरून उठली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. तिने तोंड उघडलं तेव्हा तो इस्त्रीचा आवाज कुठे सापडला नाही.

“अण्णा गेले,” ती म्हणाली.

कुणीतरी मागे हुंदका दिला. प्रतापरावांनी मान हलवली, पण ते बसले नाहीत, वाक्य अजून पुरं झालेलं नाही हे कळल्यासारखे उभे राहिले. अहल्या त्यांच्याकडे नाही, चटईकडे बघत होती.

“अण्णा,” ती म्हणाली, “मला तुम्ही फार आवडायचात.”